ठाण्यात बाजू घेतली गेली, तर कागद सोडू नका

शेतकरी बंधूंनो, बांधावरून मारामारी होते. देगलूर असो की निलंगा, मार खाल्लेला माणूस ठाण्यात जातो. समोरची पार्टी वजनदार असली, की जमादार म्हणतो, "आपसात मिटवा की!" फार तर एनसी लिहून बोळवण होते. मग आपण पारावर बसून शिव्या देतो. त्यानं काय होणार?

गुन्हा दखलपात्र असेल, तर फिर्याद नोंदवावीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये बजावलं. ठाण्यात नकार मिळाला, तर तीच फिर्याद लेखी, टपालानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. पोच जपून ठेवा.

फिर्यादी दलित-आदिवासी असेल, तर अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ४ पाहा. फिर्याद वाचून न दाखवणं, नक्कल न देणं, अशी जाणूनबुजून हयगय करणाऱ्या बिगरदलित, बिगरआदिवासी अधिकाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. पण आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते.

मेख इथंच आहे. सोबत्याची चौकशी सोबत्यानंच केली, तर सत्य बाहेर यायचं कसं? म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. आपल्या राज्याच्या पोलीस कायद्यात ते २०१४ मध्ये आलं. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात. अधिकाराचा गंभीर गैरवापर झाला, तर तिथं दाद मागता येते.

सरपंच, पोलीस पाटील, तुम्ही फिर्यादीसोबत ठाण्यात जा. तारीख, वेळ, अंमलदाराचं नाव वहीत टिपा. चौकशीत तोंडी गाऱ्हाणं हवेत विरतं. तारखेचा कागद मात्र बोलतो.