बोटाला फसवणं अवघड

"मामा, असं नाही. मनगट नका वापरू, खांद्यातून जोर येऊ द्या," भाची म्हणाली आणि मी पुन्हा ओणवा झालो. समोर जमिनीवर एक बाई निपचित पडलेली. तिला हात नव्हते, कमरेखाली काहीच नव्हतं, पण चेहरा मात्र शांत, झोपेत किंचित हसल्यासारखा. छातीच्या मधोमध तळव्यावर तळवा ठेवून मी दाबत होतो. चौथ्या-पाचव्या दाबाला आतून 'टक्' असा आवाज आला आणि मी दचकून हात काढले. बरगडी मोडली की काय!

"आता बरोबर झालं. तो आवाज यायलाच पाहिजे," भाची हसत म्हणाली. "पण थांबले कशाला? गेला ना तुमचा पेशंट!"

वर्ध्याजवळ दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सेवाग्रामचं 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं. दुसरं सावंगी (मेघे) इथलं, 1990 सालचं, आता एका अभिमत विद्यापीठाचा भाग. भाची दोन्हींपैकी कुठल्या वर्गात बसते ते लिहू नका, अशी तिची ताकीद आहे. तिने मला कॉलेजातल्या नव्या सोयी दाखवायला नेलं होतं, आणि मी एका रबरी बाईपाशी अडकून पडलो होतो.

त्या 'टक्'मागे एक स्प्रिंग आहे. मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, सहाच्या पुढे जाता कामा नये, आणि हे मिनिटाला 100 ते 120 वेळा. पाच सेंटिमीटर वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आपण घाबरून तीनावरच थांबतो, कारण समोरच्याला दुखेल असं वाटत राहतं. स्प्रिंग दबून पुरेशा खोलीवर पोचली की आवाज होतो. शेजारच्या टॅबलेटवर तर प्रत्येक दाबाची रेघ उमटते. किती खोल, किती वेगाने, आणि हात वर घेताना छाती पूर्ण फुगू दिली की नाही. हे शेवटचं मला माहीतच नव्हतं. हृदयात रक्त परत भरतं ते छाती वर येताना. म्हणजे दाबणं हे अर्धंच काम, सोडणं हे उरलेलं अर्धं.

ही बाहुली आली कुठून? नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावी आस्मुंड लेर्डाल नावाचा खेळणीवाला होता. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या करण्यात त्याचा हात बसला होता. त्याचा लहानगा मुलगा एकदा पाण्यात बुडता बुडता वाचला होता. पुढे डॉक्टर त्याच्याकडे आले, तोंडाने श्वास देण्याचा सराव करता येईल असा माणूस बनवून द्या म्हणून. 1960 साली ती बाहुली तयार झाली. तिचा चेहरा घेतला पॅरिसमधल्या एका मुखवट्यावरून. एकोणिसाव्या शतकात सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीचा तो, असं सांगतात; कथा किती खरी कोण जाणे, पण मुखवटा खरा आहे आणि तो तेव्हा युरोपातल्या घराघरांत भिंतीवर टांगलेला असे. जिला कोणी वाचवू शकलं नाही, तिच्या तोंडावर तोंड ठेवून जगभरातली माणसं जीव वाचवायला शिकली. वर्ध्याजवळच्या त्या फरशीवरही तोच चेहरा होता.

खरं तर तिच्याआधी आम्ही दोन दिमाखदार खोल्या पाहून आलो होतो. पहिल्या खोलीत फळ्याच्या जागी भिंतभर पडदा. बोट टेकवलं की रेघ उमटते. काच ते ओळखते असं मला वाटायचं. बहुतेक फळ्यांत काचेला काहीच कळत नसतं. चौकटीच्या दोन कडांमध्ये बारीक दिवे ओळीने बसवलेले असतात, समोरच्या दोन कडांमध्ये ते पाहणारे डोळे. काचेवरून अगदी लगत, आडव्या-उभ्या अदृश्य किरणांची बाज विणल्यासारखी जाळी पसरलेली असते. बोटाने एक आडवी आणि एक उभी दोरी अडली की जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे बोट आहे. म्हणून या फळ्यावर पेनाच्या टोपणाने लिहिता येतं, हातमोजा घालून लिहिता येतं, आणि एखादी माशी बसली तर तीही ठिपका काढून जाते.

दुसऱ्या खोलीत शवविच्छेदनाच्या टेबलाएवढा आडवा पडदा. त्यावर माणूस झोपलेला. बोट फिरवलं की कातडी बाजूला, मग स्नायू, मग आतडी. या साऱ्याचा पाया 1994 साली अमेरिकेत जगासाठी खुल्या झालेल्या चित्रांनी घातला. टेक्सासमध्ये जोसेफ जर्निगन या कैद्याला 1993 मध्ये मृत्युदंड झाला. त्याने देह विज्ञानाला दिला होता. तो देह गोठवून, सुतार रंधा मारतो तसा एकेक मिलिमीटर खरवडत गेले आणि दर थराचा फोटो काढला. 1871 थर. शेवटी देह उरला नाही, फोटोच उरले, आणि संगणकाने ते एकावर एक रचून पुन्हा माणूस उभा केला. हे ऐकून मी बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत उभा होतो. भाचीला मात्र त्याचं फार कौतुक नव्हतं. "यात नस दिसते मामा, पण ओढून पाहता येत नाही ना," ती म्हणाली.

तिचं ते वाक्य तिसऱ्या खोलीत गेल्यावर समजलं.

2019 पासून देशभरातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'स्किल लॅब' आली; ही तिसरी खोली म्हणजे तीच. त्यात आमची ती बाई, सलाइन लावायला शिकवणारा एक सुटा रबरी हात, ज्याच्या नसांत लाल पाणी खेळतं, टाके घालायला कातडीच्या गाद्या. आणि सर्जरी शिकणाऱ्यांसाठी दोन यंत्रं, शेजारी शेजारी. एक अगदी साधं, एक अतिशय महाग.

साधं म्हणजे निव्वळ खोकं. झाकणाला दोन भोकं, त्यातून आत गेलेले दोन लांब दांड्याचे चिमटे, आत कॅमेरा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव. मला एका वाटीतले चण्याच्या डाळीचे दाणे दुसऱ्या वाटीत टाकायचे होते. हात उजवीकडे नेला तर पडद्यावर चिमटा डावीकडे गेला. हात खाली दाबला तर टोक वर. कारण भोक हा टेकू, आणि दांडा त्यावर मुलांच्या सी-सॉच्या फळीसारखा हलतो. दहा मिनिटांत मी एक दाणा हलवला आणि तीन सांडले.

महाग यंत्रात आत काहीच नाही. पोट नाही, डाळ नाही, फक्त मोटरी. पडद्यावर यकृत दिसतं, चिमट्याने ते दाबायला जावं तर हाताला चक्क लिबलिबीत विरोध जाणवतो. खाली हाड आलं की चिमटा खट्कन थांबतो. हवेत! संगणक चिमट्याचं टोक कुठे आहे ते मोजतो, नसलेल्या यकृतात ते किती रुतलं याचा हिशेब करतो आणि तेवढा उलटा जोर मोटरला लावायला सांगतो. लगेच पुन्हा मोजतो. हे सेकंदाला साधारण हजार वेळा करावं लागतं.

हजार का? सिनेमात सेकंदाला 24 चित्रं दाखवली तरी डोळा ती हलती मानतो आणि आपण नायकासाठी रडतो. हाताला इतक्यावर गंडवता येत नाही. हिशेब सेकंदाला पन्नासच वेळा झाला तर दोन हिशेबांच्या मध्ये हात नसलेल्या हाडात घुसलेला असतो. मग यंत्र जागं होतं आणि त्याला जोराने बाहेर फेकतं. हात पुन्हा घुसतो. आणि मग हाड हाडासारखं न लागता थरथरणाऱ्या मोबाईलसारखं लागतं.

ही थरथर पकडणारा आपल्या शरीरात आहे कोण? 1831 साली इटलीतल्या पिस्तोया गावी फिलिप्पो पाचिनी नावाचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी मृत हाताचं विच्छेदन करत होता. मज्जातंतूंच्या कडेला त्याला बारीक पांढुरके दाणे दिसले, जेमतेम मिलिमीटरभर. इतरांनी ती चरबी समजून सोडली असती. याने सोडली नाही. आत पाहिलं तर कांद्यासारखे पापुद्र्यांवर पापुद्रे, आणि मध्यभागी मज्जातंतूचं टोक. आज त्यांना पाचिनीचंच नाव आहे. सावकाश, एकसारखा दाब आला तर हे पापुद्रे सरकून तो जिरवतात. कंप आला तर तो थेट आतल्या टोकापर्यंत जातो. सेकंदाला अडीचशेच्या आसपास कंपनं असली की हे दाणे सर्वात तीक्ष्ण, पण त्याहून कितीतरी वेगवान कंपही त्यांना कळतात. यंत्राला हजाराची धावपळ करावी लागते ती यांच्यामुळे. 2013 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी तर दाखवलं की बोट फिरवून माणसाला 13 नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही ओळखता येतात. केसाच्या जाडीचे काही हजार भाग करा, त्यातला एक.

आणि हे सगळं मी कुठे उभा राहून ऐकत होतो? वर्ध्याजवळ. याच गावी 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला देशभरातले शिक्षणतज्ज्ञ गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जमले होते. मुलांनी पुस्तकातून हाताकडे नाही, हातातून पुस्तकाकडे जावं, हा मुद्दा. पुढे राष्ट्रपती झालेल्या डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला, त्यात केंद्रस्थानी सूतकताईसारखा एखादा उद्योग. पुढे सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने ती 'नई तालीम' प्रत्यक्षात चालवली. शाळांचे कारखाने होतील, अशी टीका तेव्हाही झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

माझी आई आर्वीला शाळेत टकळीवर सूत काढायला शिकली. तिला सूत आवडत नव्हतं, गुरुजीही आवडत नव्हते. पण साठी उलटल्यावरही पेळू हातात दिला की ती डोळे मिटून धागा ओढायची. धागा तुटणार हे तिला तुटायच्या आधी कळायचं. कसं, ते सांगता यायचं नाही. "बोटाला समजते," एवढंच म्हणायची. टकळी फिरताना धाग्यातून जी बारीक थरथर बोटापर्यंत येते, ती पाचिनीच्या दाण्यांनी वाचलेली असणार. शाळेतल्या त्या टकळीची किंमत किती असेल? वरच्या महागड्या यंत्रातल्या एका स्क्रूचीही नसेल.

कॉलेजांच्या माहितीपुस्तकांच्या मुखपृष्ठावर भिंतभर पडदे असतात आणि रबरी बाई आत, कुठेतरी मागच्या पानावर. मला विचाराल तर उलटं हवं. पडदा व्याख्यान देखणं करतो, इतकंच. शिकणाऱ्याला त्याची चूक त्याच्याच हातात परत देते ती बाईची स्प्रिंग आणि ते चण्याच्या डाळीचं खोकं. जिथे पैसा कमी आहे अशा कॉलेजाने आधी खोकी करावीत; पुठ्ठा, दोन भोकं आणि एक जुना मोबाईल पुरतो.

निघताना भाचीने एक गंमत शिकवली, ती तुम्हीही करून पाहा. डोक्याचा एक केस घ्या, वहीच्या पानाखाली ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी ते पान थोडं फिरवायला सांगा. आता डोळे मिटून बोटाने केस शोधा. सापडला की वर आणखी एक पान घ्या, मग आणखी एक. मी तिसऱ्या पानावर हरलो. भाची सहाव्यापर्यंत गेली.