कुंडीतील कीड आणि गृहस्थाचा यत्नाचार

नांदेडच्या वजिराबादेतील सदनिका असो वा लातूरच्या गंजगोलाईभोवतीचे दुकानावरचे घर असो, आज अंगण उरले नाही तरी कुंडी उरली आहे. सज्जात मोगरा, गच्चीवर जास्वंद व कढीपत्ता, बैठकीत मनी प्लांट आणि दाराशी तुळस, एवढी हिरवळ व्यापारी कुटुंबांत बहुतेक सर्वत्र आढळते. ती जोपासण्याची जबाबदारी घरातील ज्येष्ठ मंडळी व गृहिणी आनंदाने पार पाडतात. मात्र एके दिवशी जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागतात, पाने चिकट होतात आणि प्रश्न उभा राहतो : आता काय करावे?

इतर घरांत याचे उत्तर सोपे असते. बाजारातून औषधाची बाटली आणावी व फवारावी. जैन घरात मात्र हात क्षणभर थबकतो. पाण्याचा थेंबही गाळून घेणाऱ्या आणि धान्य निवडताना निघालेली अळी अलगद बाजूला ठेवणाऱ्या घरात शेकडो जीवांवर विष टाकावे काय? आणि न टाकावे, तर झाड डोळ्यांदेखत वाळू द्यावे काय? झाडही जीवच आहे.

शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग करावयाचा असतो. घरकामात नकळत घडणारी आरंभी हिंसा त्याला सर्वस्वी टळत नाही, तेथे यत्नाचार पाळावयाचा असतो. कुंडीची निगा हे गृहकृत्य होय. पण मारण्याच्याच हेतूने उचललेली बाटली संकल्पाच्या फार जवळ जाते. म्हणून या प्रश्नाचे खरे उत्तर औषधात नाही, वेळेत आहे. कीड लागू न देणे आणि लागलीच तर पहिल्याच आठवड्यात ओळखणे, यातच झाडाचे रक्षण आहे व कमीत कमी हिंसाही.

चक्रवाढीचे गणित

मावा हा पोपटी किंवा काळसर रंगाचा, टाचणीच्या माथ्याएवढा कीटक. त्याची मादी नराशिवायच पिल्लांना जन्म देते आणि ती पिल्ले अनुकूल हवामानात आठ-दहा दिवसांत स्वतः प्रसवू लागतात. एका मादीमागे वीसच पिल्ले जगली असे धरले, तरी दहा दिवसांत वीस, वीस दिवसांत चारशे आणि महिनाअखेर आठ हजार, असा हिशेब होतो. व्यापारी कुटुंबाला चक्रवाढ निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. पहिल्या दिवशी ओल्या बोटाने पुसून जो प्रश्न मिटला असता, त्यासाठी महिन्यानंतर आठ हजार जीवांना हात लावावा लागतो. दुर्लक्ष ही अहिंसा नव्हे. ती पुढच्या मोठ्या हिंसेची उधारी आहे.

ओळख पटवावी

घरातील झाडांवर आढळणारे उपद्रवी जीव मोजकेच आहेत. मावा कोवळ्या शेंड्यावर व कळ्यांवर बसतो. पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात पांढऱ्या मेणचट आवरणाखाली राहतो. खवले कीड फांदीवर तपकिरी टिकल्यांसारखी चिकटलेली असते व झाडाचाच भाग वाटते. पांढरी माशी पानामागे असते आणि कुंडी हलविताच भुरकन उडते. फुलकिडे कळीत शिरून पाकळ्या करपवितात. लाल कोळी तर कीटकही नव्हे. त्याला आठ पाय असतात. त्याने रस शोषलेल्या पानावर फिकट ठिपके उमटतात व पुढे बारीक जाळी दिसते. ओल्या मातीवर घोंघावणारी बारीक चिलटे हा बहुधा जास्त पाणी घातल्याचा परिणाम असतो.

पाने चिकट झाली, त्यांवर काजळी धरली किंवा खोडावर मुंग्यांची रांग दिसली, की रस शोषणारी कीड आली असे समजावे. मावा व पिठ्या ढेकूण यांच्या अंगातून गोड चिकट स्राव पाझरतो. त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात व त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. काजळी म्हणजे त्या गोडव्यावर वाढलेली काळी बुरशी होय.

सराफी दुकानात असते तसे लहानसे भिंग घरात असल्यास फार उपयोग होतो. आठवड्यातून एक दिवस ठरवून पानांची मागची बाजू, बेचके व शेंडे पाहावेत. लाल कोळ्याची शंका आल्यास पानाखाली पांढरा कागद धरून पान हलकेच झटकावे; कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर निदान झाले. अडत दुकानातील तूर, सोयाबीन वा हरभऱ्याच्या साठ्याची पाहणी जशी नियमाने होते, तशीच ही पाच मिनिटांची पाहणी व्हावी. धान्याला कीड लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच ऊन दाखविणारा व्यापारी शहाणा ठरतो. कुंडीलाही तोच न्याय लागू आहे.

कापूस, ऊस आणि जास्वंद

मराठवाड्यातील कुंडी शेतापासून वाटते तितकी दूर नाही. जास्वंद ही कापूस व भेंडी यांच्याच कुळातील. नांदेड हा जुना कापूसपट्टा. येथील कापूस संशोधन केंद्राचे ‘एनएचएच ४४’ हे संकरित वाण एके काळी शेतकऱ्यांच्या तोंडी होते. २००६-०७च्या सुमारास मूळच्या अमेरिकेतील एका पिठ्या ढेकणाने गुजरात व पंजाबातील कापसावर हाहाकार माजविला आणि पुढे तो देशातील अन्य कापूस भागांतही आढळला. गाजर गवत, जास्वंद, भेंडी अशा कितीतरी वनस्पतींवर तो जगतो. एकामागून एक विषारी फवारे मारूनही मेणाच्या आवरणाखालचा हा कीटक पुरता आटोक्यात येईना. मग अनासियस नावाची एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी शेतांत मोठ्या प्रमाणात दिसू लागली. ती ढेकणाच्या अंगात अंडे घालते व त्याची वाढ तेथेच थांबते. ही माशी पसरली तसा प्रकोप ओसरत गेला.

उसाची कथाही अशीच. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला आणि पाहता पाहता राज्याच्या ऊसपट्ट्यात पसरला. डिफा नावाच्या पतंगाची अळी व मायक्रोमस हा नाजूक पंखांचा कीटक, या दोन नैसर्गिक शत्रूंनी त्याला आवर घातला. जेथे विषारी फवारे अधिक झाले, तेथे हे मित्रच आधी नष्ट होण्याचा धोका होता.

घरच्या झाडांसाठी यातून एक मोठा धडा मिळतो. पानावर दिसणारा प्रत्येक कीटक शत्रू नसतो. लाल-काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा व त्याची अळी मावा खाऊन जगतात. क्रिप्टोलेमस या जातीच्या ढालकिड्याची अळी तर अंगावर पांढरे मेणचट तंतू वागविते आणि थेट पिठ्या ढेकणासारखी दिसते. मात्र ती आकाराने मोठी व चपळ असते. हा भुंगेरा ऑस्ट्रेलियातून १८९८ साली भारतात आणला गेला आणि येथेच रुळला. घाईने उचललेला फवारा शत्रू-मित्र ओळखत नाही. निसर्गाचा हा व्यवहार आपोआप चालू असेल, तेथे गृहस्थाने हात न घालणेच श्रेयस्कर.

उपायांची पायरी

पहिली पायरी प्रतिबंधाची. रोपवाटिकेतून आणलेले नवे रोप दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून वेगळे ठेवावे. कुंड्यांमध्ये हवा खेळेल इतके अंतर असावे. नत्रयुक्त खत जास्त झाल्यास कोवळी, रसाळ पालवी फुटते व माव्याला आमंत्रण मिळते. म्हणून शेणखत वा गांडूळखत बेताने द्यावे. मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागल्याखेरीज पाणी घालू नये. एवढ्यानेच चिलटे बहुतांशी थांबतात. रुंद पाने ओल्या मऊ कापडाने पुसावीत. वाड्याच्या भिंतीलगतचे गाजर गवत फुलण्यापूर्वीच काढावे.

दुसरी पायरी पाण्याची. मावा व लाल कोळी पानामागे हलक्या पण नेमक्या धारेने धुतले जातात. तीन-चार दिवसांच्या अंतराने तीनदा धुतल्यास पुष्कळदा पुढे काही करावे लागत नाही. लातूरकरांना पाण्याचे मोल सांगावयास नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा कोणीही विसरलेला नाही. म्हणून उघडा नळ न वापरता लहान फवारणी बाटली वापरावी व खाली पडणारे पाणी दुसऱ्या कुंडीत झेलावे. भाजी धुतलेले किंवा वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीही चालते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे वाया जाणारे पाणी मात्र क्षारयुक्त असते. ते पानांवर मारू नये.

तिसरी पायरी छाटणीची. पिठ्या ढेकूण वा खवले कीड एखाद्याच फांदीवर असेल तर ती फांदी कापावी. ही फांदी शेजाऱ्याच्या कुंपणाला, रस्त्यावर किंवा शेताच्या बांधावर टाकणे म्हणजे जीवदया नव्हे. ते आपले देणे दुसऱ्याच्या नावे टाकणे आहे. आपल्याच आवारात, इतर झाडांपासून दूर, सावलीत ती ठेवावी. मुंग्यांसाठी विषारी भुकटी टाकण्याऐवजी पूर्वी शिंकाळे वा कपाटाचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवीत, तीच युक्ती कुंडीच्या तिवईला करावी. मात्र डासांची पैदास होऊ नये म्हणून वाटीतील पाणी रोज बदलावे.

चौथी पायरी निंबोळीची. जून-जुलैत गळणाऱ्या निंबोळ्या वाळवून ठेवाव्यात. ५० ग्रॅम भरड पूड अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळावी, पाणी घालून एक लिटर करावी आणि त्यात एक-दोन ग्रॅम साधा साबण विरघळवावा. हा पाच टक्के निंबोळी अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारावा. कडक उन्हात त्याचा गुण लवकर नाहीसा होतो. आधी एका पानावर फवारून दोन दिवस वाट पाहावी. अंड्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नसल्याने आठ दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा फवारणी लागते. फुलांवर फवारू नये. तेथे मधमाश्या येतात. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन या द्रव्यामुळे कीटक पान खाईनासा होतो आणि त्याच्या कात टाकण्यात अडथळा येतो. ही प्रक्रिया सर्वस्वी अहिंसक आहे असे म्हणणे स्वतःची फसवणूक ठरेल. म्हणूनच ती चौथी पायरी आहे, पहिली नव्हे. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या लसूण-कांद्याच्या काढ्यांची व तंबाखूच्या पाण्याची तर मुळीच गरज नाही. तंबाखूतील निकोटीन माणसालाही विषारी असते.

बाटली घरात नको

व्यापारी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अनेकांची कृषी सेवा केंद्रे आहेत, अनेकांची शेती आहे. शेतासाठीच्या औषधातील उरलेले थोडेसे पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत भरून गच्चीवरील झाडांसाठी घरी आणले जाते. यासारखी घातक सवय दुसरी नाही. २०१७ साली नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. मोकळ्या रानात जे घडले, ते बंद सज्जात, खेळत्या नातवंडांजवळ घडावयास कितीसा वेळ लागेल? औषधाच्या वेष्टनावरील रंगीत चौकोन पाहण्याची सवय सर्वांनी लावावी. तांबडा अतिशय तीव्र विषाचा, त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा. हिरव्याचाही अर्थ निर्धोक असा नाही. कढीपत्ता व तुळस यांची पाने पोटात जातात. त्यांच्या मातीत मुळांवाटे भिनणारे औषध घालणे म्हणजे ते ताटात वाढणेच होय.

ऋतूप्रमाणे लक्ष

मार्च ते मे या कोरड्या, तप्त महिन्यांत लाल कोळ्याकडे लक्ष ठेवावे व नाजूक कुंड्या दुपारच्या सावलीत हलवाव्यात. चातुर्मासात ओलाव्यामुळे चिलटे वाढतात आणि त्याच काळात घरात जीवरक्षेचे नियमही अधिक काटेकोर असतात. म्हणून पाणी कमी करणे, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या ठेवणे आणि पिकलेली पाने वेचणे ही कामे मृगाच्या आधीच सुरू करावीत. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की गुलाब व शेवंतीवर मावा येतो. कळ्या रोज पाहाव्यात.

एवढे करूनही एखादे झाड वाचत नाही. तेव्हा त्या एका कुंडीसाठी विष आणण्यापेक्षा निरोगी फांदीची कलमे लावून जुने झाड सोडून देणे अधिक योग्य. जास्वंद, मनी प्लांट व मोगरा फांदीपासून सहज जगतात.

घरातील लहान मुलांना या पाहणीत अवश्य सामील करून घ्यावे. यत्नाचार हा शब्द पाठशाळेत शिकविता येतो. पण भिंगाखाली पानामागचा ठिपका हलताना पाहून, त्याला ओल्या फडक्याने हळुवार टिपणारा हात त्याचा अर्थ कायमचा शिकतो.