सात हजार फुटांवरचा सूर

मे महिना संपता संपता अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या सँता फे गावी चाळिसेक तरुण गायक-गायिका येऊन उतरतात. इथल्या ऑपेरा कंपनीची उमेदवारी योजना 1957 सालापासून, म्हणजे कंपनीच्या पहिल्या हंगामापासून चालू आहे. ऑगस्टअखेरपर्यंत ही मुलं समूहगान गातात, मोठ्या कलाकारांच्या भूमिका ‘कव्हर’ म्हणून पाठ करून तयार राहतात आणि हंगाम संपताना स्वतःचे प्रवेश सादर करतात. जॉयस डिडोनाटो ही आजची नामवंत मेझो-सोप्रानो 1995 साली इथलीच उमेदवार होती. सॅन फ्रान्सिस्कोचा मेरोला कार्यक्रम, ऑस्ट्रियातील ग्राझ येथे भरणारे सहा आठवड्यांचे ‘एम्स’ शिबिर, कोलोरॅडोतील अ‍ॅस्पेन अशी आणखीही ठिकाणे आहेत. कुठे विद्यावेतन मिळते, कुठे भरभक्कम शुल्क मोजावे लागते. गळ्याची कसोटी मात्र सगळीकडे लागते.

ऑपेराच्या गायकाला माइक नसतो. साठ-सत्तर वाद्यांच्या पलीकडे, शेवटच्या रांगेपर्यंत उघड्या गळ्याने पोचायचे. आपल्या संगीत नाटकांच्या सुरुवातीच्या काळातल्या नटांना ही कसरत चांगली ठाऊक होती. हे जमते ते ताकदीने नव्हे. वाद्यवृंदाच्या ध्वनीचा जोर साधारण 500 हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो आणि वर तो घसरत जातो. तयारीचा गायक स्वरयंत्राच्या वरची पोकळी अशी आकारतो, की त्याच्या आवाजातली 3,000 हर्ट्झजवळची ऊर्जा उठून येते. नेमक्या याच पट्ट्यात आपला कान तीक्ष्ण असतो. स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी हे गणित उलगडले. (उंच सोप्रानोंचे मूळ सूरच इतके वरचे, की त्यांना या युक्तीची तितकी गरज पडत नाही.)

युक्ती कळणे वेगळे आणि ती अनोळखी जागी वापरता येणे वेगळे. सँता फेच्या नाट्यगृहावर छप्पर आहे, पण बाजू उघड्या आहेत. सरावाच्या छोट्या खोलीत स्वतःचा आवाज भिंतीवरून परत येतो, इथे तो रात्रीच्या हवेत निघून जातो. स्वतःचा आवाज कमी ऐकू आला, की माणूस नकळत तो चढवतो. याला लोम्बार परिणाम म्हणतात. गोंगाटाच्या हॉटेलात आपणही तेच करतो. प्रयोगानंतरच्या पार्टीत बोलून बोलून घसा बसला, ही शिबिरांतली नेहमीची तक्रार आहे. गाण्याने जेवढे नुकसान होत नाही, तेवढे बोलण्याने होते असे अनुभवी शिक्षक सांगतात, ते उगाच नव्हे.

त्यात गाव सुमारे 7,000 फुटांवर. हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्तच कमी. पहिले काही दिवस धाप लागते, श्वासांची गती वाढते आणि घरी एका दमात सहज संपणारी ओळ इथे मध्येच तुटते. हवा कोरडी असल्याने प्रत्येक उच्छ्वासासोबत शरीरातले पाणी जाते.

हे पाणी का महत्त्वाचे? स्वरतंतू म्हणजे तारा नव्हेत. त्या एक ते दोन-अडीच सेंटीमीटर लांबीच्या स्नायूंच्या घड्या आहेत, वर मऊ, ओलसर आवरण असलेल्या. मधल्या सप्तकापलीकडचा 440 हर्ट्झचा सूर एक मिनिट धरला, तर त्या 26,400 वेळा एकमेकींवर आपटतात. सोप्रानोचा ‘हाय सी’ असेल तर सेकंदाला हजाराहून अधिक वेळा. आवरण कोरडे पडले की तेवढीच कंपने सुरू करायला फुप्फुसांतून जास्त दाब द्यावा लागतो. गायकाला वाटते, आज आवाज ‘लागत’ नाही. मग तो जोर करतो आणि आपटणे आणखी वाढते.

गायकांच्या हातात पाण्याची बाटली कायम दिसते. पण प्यायलेला घोट स्वरतंतूंना शिवतही नाही. तो अन्ननलिकेत जातो. चुकून तंतूंपर्यंत पोचला तर ठसका लागतो! शरीरभर ओलावा पसरायला वेळ लागतो, म्हणून रात्री गायचे असेल तर सकाळपासून पाणी प्यावे लागते. गुळण्या आणि ज्येष्ठमधाची कांडी घशाला आराम देतात, तंतूंपर्यंत मात्र तीही पोचत नाहीत. थेट तिथवर जाते ती वाफ.

दिवसाचे वेळापत्रक हा दुसरा शत्रू. सकाळी भाषेचा वर्ग, मग तालीम, दुपारी पियानोवादकासोबत सराव, संध्याकाळी प्रयोग. अमेरिकी संशोधक हंटर आणि टित्झे यांनी 2009 साली दोन तासांच्या मोठ्याने वाचनानंतर आवाज कसा सावरतो ते तपासले. नव्वद टक्के थकवा चार-सहा तासांत उतरला, पूर्ण उतरायला बारा ते अठरा तास लागले. मध्यरात्री संपलेला प्रयोग आणि सकाळी दहाची तालीम यांत तेवढे तास बसत नाहीत. म्हणून शहाणे गायक तालमीत ‘मार्किंग’ करतात, म्हणजे वरचे सूर खालच्या सप्तकात, हलक्या आवाजात गातात. हेही शिकावे लागते. श्वासाचा आधार सोडून पुटपुटल्याने उलट ताण पडतो.

तिसरी अडचण मनाची. नव्या शिक्षकाकडे सहा आठवडे, आणि तो पहिल्याच दिवशी श्वासापासून सगळे बदलायला सांगतो. समोर निवड करणारे लोक बसलेले. आपला कव्हर बाजूला वाट पाहतो आहे, किंवा आपणच कुणाचे कव्हर आहोत. अशा वेळी ‘माझा आवाज बसलाय’ हे वाक्य तोंडून निघत नाही. मुलं वेदनाशामक घेऊन गातात. यातला धोका फारसा कुणाला माहीत नसतो: अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि ताणलेल्या तंतूंतली बारीक रक्तवाहिनी फुटली तर रक्तस्राव पसरू शकतो. गाताना आवाज अचानक गेला, तर तो प्रयोग तिथेच थांबवायचा आणि पूर्ण मौन धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रोजच्या आपटण्याने हळूहळू येणाऱ्या गाठी तेवढ्या भयंकर नसतात. बहुतेकदा त्या वाणी-उपचारांनी आटोक्यात येतात, शस्त्रक्रिया पुढची पायरी. प्रख्यात फ्रेंच सोप्रानो नताली देसे यांनी तंतूंवरील आपल्या शस्त्रक्रियांबद्दल उघडपणे सांगितले, त्याने तरुणांचा संकोच थोडा तरी कमी झाला असावा.

1841 साली स्वीडनची वीस वर्षांची जेनी लिंड आवाज खराब करून पॅरिसला मान्युएल गार्सिया या गानशिक्षकाकडे आली. त्यांनी तिला सहा आठवडे गाऊच दिले नाही. त्याच गार्सियांनी 1854 साली दंतवैद्याचा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाश परावर्तित करून, स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. आज त्या जागी स्ट्रोबोस्कोपी आहे. लुकलुकत्या प्रकाशात कंपने संथ झाल्यासारखी दिसतात आणि त्याची चित्रफीत ठेवता येते. स्वररोगतज्ज्ञ गायकांना अशी तपासणी शिबिराला जाण्यापूर्वीच करून घ्यायला सांगतात. घसा ठणठणीत असताना दवाखान्याची पायरी कशाला, म्हणून अनेकजण टाळतात. पण जुलैत तंतू सुजलेले दिसले, तर ती सूज आहे की त्या गायिकेची मुळातलीच ठेवण, हे ठरवायला डॉक्टरांना मे महिन्यातली चित्रफीत लागते.