अंतर आणि अवधी : मुंबई–लंडन विमानमार्गाचे उदाहरण

‘मुंबईहून लंडन नऊ तासांवर आहे’ हे वाक्य मराठीत कोणासही खटकत नाही. एका दिवसाच्या वाटचालीस ‘मजल’ म्हणत. तेव्हा स्थलाची लांबी कालाने सांगण्याचा प्रघात जुनाच होय. शिवाय ‘अंतर’ हा शब्द स्थल व काल या दोहोंसही लागतो. विमानप्रवासाचा विचार करताना मात्र या दोन अर्थांची फारकत करावी लागते. अंतर हा दोन स्थळांमधील संबंध होय. अवधी हा त्या त्या प्रवासाचा गुणधर्म होय.

प्रथम अंतराचा विचार करू. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल पृष्ठभागास छेदते तेथे जे वर्तुळ होते, त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात. दोन स्थळांमधील लघुतम मार्ग म्हणजे या वृत्ताचा कंस. मुंबई व लंडन यांमधील हा कंस सुमारे ७,२०० किलोमीटर भरतो. मर्केटरच्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषा काढल्यास तिचा मध्य तुर्कस्तान-सीरिया सीमेच्या आसपास येतो. कंसाचा मध्य मात्र बराच उत्तरेस, कॉकेशसमध्ये तिब्लिसीजवळ पडतो.

आता अवधी. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर आठ तासांत काटले जाईल. परंतु ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वायुप्रवाह असतात. वाऱ्याचा वेग मार्गावर सरासरी ताशी ७५ किलोमीटर धरला, तर जाताना ८ तास ४४ मिनिटे लागतात व येताना ७ तास २३ मिनिटे. म्हणजे प्रतिकूल वारा ४४ मिनिटे हिरावून घेतो, अनुकूल वारा ३७ मिनिटेच परत देतो. येण्याजाण्याच्या हिशेबात वाऱ्याची फेड कधीच पुरती होत नाही.

याखेरीज चढण-उतरण व धावपट्टीपर्यंतची वाट यांस वेळ लागतो. विमानास लघुतम मार्ग नेहमी मिळतोच असेही नाही. हा कंस पाकिस्तान व युक्रेन या देशांवरून जातो. पाकिस्तानचे आकाश २०१९ च्या फेब्रुवारीत बंद झाले व जुलैमध्ये पुन्हा खुले झाले. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांस बंद झाले. अशा वेळी दोन नगरांमधील अंतर वाढत नाही. वाढतो तो मार्ग.

घड्याळाची गोष्ट आणखी निराळी. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ मुंबईच्या साडेचार तास मागे असते. मुंबईहून दुपारी १ वाजता निघून दहा तासांनी पोहोचणाऱ्यास तेथे सायंकाळचे साडेसहा वाजलेले दिसतात. लंडनहून रात्री ९ वाजता निघून नऊ तासांनी उतरणाऱ्यास मुंबईत सकाळचे साडेदहा. घड्याळाच्या काट्यांवरून पहिला प्रवास साडेपाच तासांचा, दुसरा साडेतेरा तासांचा ठरतो.

तात्पर्य, ‘नऊ तासांवर’ हे विधान अंतराचे नव्हे. दिशा, ऋतू व मार्ग सांगितल्यावाचून ते अपुरेच राहते.