पार्मा, पौड आणि पाकिटावरचं नाव

इटालियन मालाच्या यादीचं इंग्रजी करायला बसलं की सगळ्यात आधी शब्दकोश दगा देतो. ‘प्रोशुत्तो क्रुदो’ घ्या. क्रुदो म्हणजे कच्चा. पण डुकराच्या मांडीचं हे मांस मीठ लावून, महिनोन्‌महिने हवेशीर खोलीत टांगून मुरवलेलं असतं. त्याला ‘रॉ हॅम’ लिहिलं, तर गिऱ्हाईक एक तर ते तव्यावर टाकेल, नाहीतर घाबरून परत फडताळात ठेवेल. तिथे ‘क्युअर्ड हॅम’ लिहावं लागतं.

मी पौडला राहते आणि आयातदारांच्या, हॉटेलांच्या याद्या, लेबलं, मेनूकार्डं इटालियनमधून इंग्रजीत करून देते. पुण्यात ही भाषा शिकताना दान्ते मुळातून वाचायचा होता. आता पोट चालतं ते सॉसेजवर, आणि तेही माळकरी घरात राहून. सासऱ्यांना माझ्या कामाबद्दल एवढंच माहीत आहे की मी ‘चीजचं काहीतरी’ करते. ते तसंच राहू दे.

या कामात रोज एकच प्रश्न सोडवायचा असतो: समोरच्या शब्दांपैकी नाव किती आणि वर्णन किती? वर्णन भाषांतरात उतरवायचं, नावाला हात लावायचा नाही. ऐकायला सोपं आहे. पण इटालियन खाद्यनामं अशी रचलेली असतात की दोन्हींतली सीमा सापडत नाही. ओरेक्क्येत्ते म्हणजे इवलेसे कान, वेर्मिचेल्ली म्हणजे बारके किडे, आणि स्त्रोत्साप्रेती नावाचा पास्ता म्हणजे चक्क पाद्र्याचा गळा घोटणारा. ही नावं आहेत, ती तशीच ठेवून खाली ‘पास्ता’ लिहायचं. रिकोत्ताचा अर्थ ‘पुन्हा शिजवलेलं’, कारण चीज झाल्यावर उरलेली निवळी परत तापवून ते काढतात. हे सांगायला छान, पण लेबलावर नको.

वाइनमध्ये खड्डे जास्त. ‘क्यान्ती क्लासिको’चं ‘क्लासिक क्यान्ती’ केलेलं मी मेनूकार्डांवर पाहिलं आहे. इथे क्लासिको हे कौतुक नाही, तो पत्ता आहे. फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या टेकड्यांची हद्द तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने १७१६ साली ठरवून दिली होती. पुढे त्या नावाची वाइन दूरदूरच्या गावांतही बनू लागली. १९३२ मध्ये सरकारने क्यान्तीचा प्रदेश वाढवला तेव्हा मूळ भागाला वेगळं ओळखता यावं म्हणून ‘क्लासिको’ जोडलं गेलं. ‘सुपेरिओरे’चंही तसंच. मनात आलं म्हणून ते कोणी छापू शकत नाही. अल्कोहोल किती, मुरवण किती, याच्या अटी पाळाव्या लागतात.

पुण्यातल्या शाकाहारी गिऱ्हाइकासाठी मात्र खरी जोखीम नावात नसते, मागच्या बारीक अक्षरांत असते. पार्मिजानो रेज्जानोच्या घटकांत तीनच शब्द: दूध, मीठ, ‘काल्यो’. काल्योचं इंग्रजी रेनेट. शब्दकोशाच्या दृष्टीने काम झालं, पण घरी किती जणांना कळतं की पार्मिजानोसाठी दूध नासवायला वापरलेलं ते वासराच्या जठरातलं द्रव्य आहे? तिथे ‘अ‍ॅनिमल रेनेट’ असं पूर्ण लिहायचा आग्रह मी धरते. ‘स्त्रुत्तो’ दिसलं तरी तेच. काही पावांत, पिआदिना नावाच्या पोळीत ते असतं. ती डुकराची चरबी. उलट ‘पेपेरोनी’ ही बिचारी ढोबळी मिरची. अमेरिकन पिझ्झावरच्या पेपरोनीमुळे आपली माणसं इटलीत नाहक तिला टाळतात.

आणि इंग्रजी म्हणजे तरी कुठलं इंग्रजी? ‘पार्मेझान’ हे सर्वसामान्य नाव झालं आहे, असा जर्मनीचा युक्तिवाद होता. युरोपीय न्यायालयाला तो २००८ साली पटला नाही. त्यामुळे युरोपात तो शब्द म्हणजे पार्मिजानो रेज्जानोच. अमेरिकेत मात्र कुठल्याही गावचं चीज ‘पार्मेझान’ म्हणून विकता येतं. प्रोसेक्कोवाले याहून पुढे गेले. द्राक्षाच्या जातीचं नाव कोणीही वापरू शकतो, हे ओळखून २००९ मध्ये त्यांनी द्राक्षालाच ‘ग्लेरा’ म्हणायला सुरुवात केली आणि ‘प्रोसेक्को’ फक्त प्रदेशासाठी राखलं. त्रिएस्तेजवळ त्या नावाचं गाव आहे, ते इथे उपयोगी पडलं.

आपल्या जिल्ह्यातली रीत याच्या अगदी उलटी. नारायणगावात शॅम्पेन इंडाज कंपनीची फेसाळती वाइन बनायची. ती परदेशात जायची ‘ओमर खय्याम’ म्हणून आणि देशात विकली जायची ‘मार्कीझ द पोंपादूर’ म्हणून. एक इराणी कवी, एक फ्रेंच राजाची मैत्रीण. नारायणगाव हे नाव पुढे करावं असं कोणाला वाटलं नाही.

म्हणून आमच्या मुळशी तालुक्यातल्या एका शेतकरी गटाने आंबेमोहराच्या पाकिटावरचं इंग्रजी तपासायला दिलं तेव्हा मी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. कच्च्या मसुद्यात ठळक अक्षरांत ‘मँगो ब्लॉसम राइस’ होतं. वास आंब्याच्या मोहरासारखा म्हणून आंबेमोहर, हे खरं. पण परक्या माणसाला त्यातून आंब्याचा स्वाद घातलेला तांदूळ दिसणार. भाताच्या जुन्या जातींची नावं अशीच फसवी. जिरेसाळीचं इंग्रजी ‘क्युमिन राइस’ केलं, तर हॉटेलातला जिरा राइसच डोळ्यांसमोर येईल.

शिवाय आंबेमोहराला भौगोलिक मानांकन आहे. चेन्नईच्या ज्या नोंदवहीत तो आहे, तिच्यातच पार्माचं प्रोशुत्तोही आहे. नाव भाषांतरित केलं की त्या नोंदीशी असलेला धागा पाकिटावरून तुटतो. हा धागा इथे फार कामाचा आहे. आंबेमोहराचा ताटा उंच, वाऱ्यापावसात लोळणारा, उतारा कमी. त्यामुळे बरेच जण इंद्रायणी या जातीकडे वळले, आणि दुकानात आंबेमोहर म्हणून भलताच बारीक तांदूळ गळ्यात पडतो. ज्या मुळा-नीळा खोऱ्यासाठी सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह केला, तिथली भाताची खाचरं टाटांच्या धरणाखाली गेली. जी उरली आहेत, त्यांचा पत्ता तरी पाकिटावर नीट हवा.

मी ‘आंबेमोहर’ रोमन लिपीत नोंदणीतल्या स्पेलिंगप्रमाणे ठेवलं. खाली लहान अक्षरांत ‘सुवासिक, आखूड दाण्याचा तांदूळ; मुळशी, जिल्हा पुणे’ याचं साधं इंग्रजी, आणि नव्या तांदळाला पाणी कमी लागतं ही सूचना, कारण परदेशी स्वयंपाकघरात पहिल्याच वेळी गोळा झाला तर ते दुसरं पाकीट घेणार नाहीत. मसुद्यातलं ‘प्रीमियम’ मी खोडलं. सुपेरिओरेमागे कायदा आहे, आपल्या प्रीमियममागे नुसती हौस, हेही समजावलं. “बरोबर आहे ताई,” म्हणाले. पाकीट छापून आलं तेव्हा ‘प्रीमियम’ आंबेमोहरपेक्षा मोठ्या अक्षरांत होतं, सोनेरी शाईत.