रात्रपाळीला किती जणी?

माझी आत्या नेरूळमधल्या एका लहानशा निवासी सेवागृहात अकरा महिने राहिली. रो-हाउसच तो. तळमजल्यावर सहा खाटा, वर सहा, मागे स्वयंपाकघर, दाराशी तुळस. घर स्वच्छ होते, वरणभात गरम मिळत होता आणि ते चालवणाऱ्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या. आम्ही रविवारी चार वाजता जायचो, तेव्हा आत्याची वेणी घातलेली असायची. पाचव्या महिन्यात तिच्या माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम दिसली. डॉक्टरांनी पाहिले तेव्हा ती आतून बरीच खोल गेलेली होती. तिला कोणी मारले नव्हते, उपाशी ठेवले नव्हते, वेडेवाकडे बोललेही नव्हते. मग चुकले कुठे? गेली दोन वर्षे मी याच प्रश्नामागे आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा भार हाड टेकते तेवढ्याच जागी पडत राहतो. तिथल्या कातडीचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत आतले मांस मरू लागते. वरून मात्र नुसता लालसर डाग दिसतो. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी, असा जुना रिवाज आहे. गादी चांगली असेल तर हे अंतर थोडे वाढवता येते, पण कूस बदलणे टळत नाही.

वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा तपासावा याची एक मांडणी अवेडिस डोनाबेडियन यांनी 1966 मध्ये केली. ती आजही जगभर वापरली जाते. तिचे भाग तीन: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. रचना म्हणजे खाटा, माणसे, उपकरणे. प्रक्रिया म्हणजे रोज प्रत्यक्ष काय केले जाते ते. परिणाम म्हणजे राहणाऱ्याचे शेवटी काय झाले ते. आम्ही रविवारी पाहत होतो ती रचना, आणि जखम दिसली तेव्हा परिणाम. मधला भाग आमच्यापैकी कोणी पाहिलाच नव्हता. तो रात्री दोन वाजता घडतो, किंवा घडत नाही.

थोडा हिशेब करू. आठवड्याचे तास 168. एक माणूस आठवड्याला 48 तास काम करतो असे धरले, तर एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, गावची जत्रा धरली की चार-पाच. आम्हाला पहिल्या दिवशी सांगितले होते, ‘आमच्याकडे चार मावश्या आहेत.’ आम्ही खूश झालो. चार मावश्या याचा अर्थ कुठल्याही एका क्षणी साधारण एक, हे तेव्हा सुचले नाही. (मी गणिताचा पदवीधर आहे, हे इथे कबूल करायला हवे.) त्यातल्या दोघी तिथेच राहायच्या आणि जिन्याखालच्या जागेत झोपायच्या.

आता कामाचे पाहू. बारा जणांपैकी चौघे खिळलेले होते. दर दोन तासांनी कूस म्हणजे दिवसाला 48 वेळा. एका वेळेला पाच मिनिटे धरली तरी चार तास. तिघांना हाताने भरवावे लागे. प्रत्येकाला अर्धा तास, दिवसातून तीनदा, म्हणजे साडेचार तास. पाच जणांचे डायपर दिवसातून पाच वेळा, दर वेळी दहा मिनिटे: आणखी चार तासांहून थोडे जास्त. आंघोळी, औषधे, कपडे, जिने यांच्या आधीच साडेबारा तास संपले. शिवाय जड माणसाची कूस बदलायला दोघी लागतात. एकटी मावशी उचलू शकत नाही, ती ओढते. ओढताना कातडी चादरीला घासते, आत ताण बसतो आणि जखम लवकर होते. म्हणजे एकट्या बाईने प्रामाणिकपणे केलेले कामही इजा करू शकते.

आमच्याकडे झाली ती हेळसांड. तिला क्रौर्य म्हणणार नाही. पण दोन्ही वाढतात बंद दाराआडच, आणि या भागाने क्रौर्यही पाहिले आहे. ठाणे जिल्ह्यातल्या कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहात कुपोषणाने मुले दगावल्याच्या बातमीवरून 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि अशा गृहांच्या पाहणीसाठी डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 2011 मध्ये पनवेलजवळ कळंबोलीतल्या कल्याणी महिला बालसेवा संस्थेच्या गृहात मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उजेडात आले. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला फाशी आणि इतर काहींना कारावास सुनावला; फाशी पुढे उच्च न्यायालयात टिकली नाही. कळंबोली हे काही आडरान नव्हे. आजूबाजूला सिडकोच्या इमारती आहेत, माणसांची वर्दळ आहे.

मुलांच्या गृहांसाठी 2015 च्या बाल न्याय कायद्यात नोंदणी सक्तीची आहे. तीन महिन्यांतून एकदा किमान तिघांच्या पथकाने तपासणी करायची असते आणि त्यात एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावा लागतो. ज्येष्ठांसाठीचा 2007 चा कायदा मात्र राज्याने जिल्ह्याजिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम काढावेत, याविषयी बोलतो. रो-हाउसमधल्या बारा खाटांमागे रात्री किती माणसे हवीत, याचा आकडा त्या कायद्यात नाही.

एर्विंग गॉफमन यांनी 1961 मध्ये मोठ्या बंदिस्त संस्थांवर टीका केली, तेव्हापासून ‘लहान घर बरे’ असा विचार रुजत गेला. तो चुकीचा नाही. आत्याला चहात आले चालत नाही, हे तिथल्या प्रत्येक मावशीला ठाऊक होते. शंभर खाटांच्या जागी हे कोण लक्षात ठेवणार? पण लहान घरात एक मावशी तापाने पडली की रात्रच उघडी पडते. आणि तक्रार करायची ती ज्या बाईच्या हातचे जेवायचे तिचीच. जखमेबद्दल मी आवाज चढवला, तेव्हा आत्या म्हणाली, “त्या पोरीला बोलू नकोस रे. रात्री एकटीच असते ती.” तिला सगळे माहीत होते. आम्ही विचारले नव्हते.

आता कोणी अशा घराची चौकशी केली तर मी एकच सांगतो: आज रात्री इथे कोण जागे असणार आहे, तिचे नाव विचारा. मग महिन्याची वजने मागा. कूस बदलल्याची वहीही पाहा. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, दोन, चार, सहाच्या ठोक्याला असतील तर ती वही सकाळी एका बैठकीत भरलेली असते. आणि रविवार सोडून जा, शक्यतो रात्री जेवणे झाल्यावर.

आमच्या त्या घरात पुढे रात्रीसाठी दुसरी मावशी ठेवली गेली. बारा जणांत वाटून प्रत्येकी दरमहा दीड हजार वाढले. दोन कुटुंबांना ते परवडले नाही, त्यांनी आपली माणसे हलवली. त्यांच्या वाट्याचे पैसे उरलेल्यांनी भरले, थोडी कुरकुर करत. आत्या गेली तेव्हा जखम बोटाच्या पेराएवढी उरली होती.