फोन आलाय, खाली या!

माळा आवरताना एक जुनी लग्नपत्रिका सापडली. १९८१ सालची, हळदीची बोटं लावलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. खाली पत्ता, त्याच्या शेजारी पाच आकडी फोन नंबर आणि पुढे कंसात दोन अक्षरं : पी. पी. लेकीनं ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "आई, हे पी. पी. कोण? मुलीचे मामा का?"

हसून हसून पुरेवाट झाली. पण तिला समजावायला बसले, तर एका वाक्यात काही सांगता येईना.

पी. पी. म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. मूळचा शब्द ट्रंक कॉलमधला. परगावी बोलायचं, तर १८० नंबर फिरवून कॉल बुक करायचा. एखाद्या ठरावीक माणसाचं नाव देऊन बुक केला, तर तो माणूस येऊन बोलायला लागल्यावरच मिनिटं मोजली जायची. त्याचे थोडे जास्त पैसे पडायचे. पुढे ही अक्षरं लग्नपत्रिकांवर, 'वर पाहिजे'च्या जाहिरातींत, अगदी दुकानांच्या पाट्यांवरही आली. अर्थ एवढाच, की फोन आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे, पण ते बोलावून देतात.

आणि त्या पत्रिकेवरचा नंबर आमचा होता!

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ साली. पुण्यातल्या आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात फोन पोचायला १९७८ उजाडलं. अर्ज केल्यावर वर्षानुवर्षं वाट बघायची हे तेव्हा सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असायचं. बाबांनी अर्ज केला तेव्हा मी पाळण्यात होते आणि फोन आला तेव्हा मी तिसरीत! काळा, जड, गोल डायलचा. आईनं त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं आणि बाहेरच्या खोलीत, दारातून दिसेल अशा स्टुलावर तो स्थानापन्न झाला. वाड्यात अकरा बिऱ्हाडं, फोन एक. महिन्याभरात तो नंबर अकरा घरांच्या नातेवाइकांकडे पोचला होता.

फोन बाबांच्या नावावर होता, पण तो चालवला आईनं. पोळी तव्यावर टाकावी आणि घंटा वाजावी, हे ठरलेलं. गॅस बारीक करायचा, हात पुसायचे, फोन घ्यायचा. मग अंगणात येऊन वर मान करून हाक, "फोन आलाय, खाली या!" वरून ओ आली नाही, तर मला पिटाळायचं. तोवर रिसीव्हर स्टुलावर आडवा. येणारी बाई पदर सावरत, धापा टाकत यायची, बोलायची, आणि बोलून झाल्यावर लगेच जायची थोडीच? चहा व्हायचा. आईच्या दुपारच्या झोपेचं खोबरं झालं ते कायमचंच. आपल्याकडून कोणी फोन केला, तर बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात आठ आणे टाकायचे. काही जण टाकायचे, काही जण विसरायचे. आई त्यांची यादी ठेवत नसे. बाबा ठेवत.

या कामाचा कोणी कधी हिशेब केला नाही. गावोगावी प्रत्येक पी. पी. नंबरामागे अशी एक बाई असणार.

परगावचा फोन लगेच कळायचा. घंटा लांबलचक वाजायची, मग ऑपरेटर आणि मग खरखरीतून गावाकडचा आवाज. आपणही बेंबीच्या देठापासून ओरडायचं, जणू सोलापूरला आवाज तारेशिवाय पोचवायचाय. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये बोलायची. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे प्रकार, दर चढत्या भाजणीचे. लाइटनिंगच्या वाटेला सामान्य माणूस सहसा जात नसे. अर्जंट मात्र आला, की आई फोन घेण्याआधी देवाकडे बघायची.

एकदा रात्री दोन वाजता असा फोन आला. मागच्या खोलीतल्या काकांचे वडील गेले होते. सांगणारा घाईत होता, निरोप देऊन त्यानं ठेवून दिला. म्हणजे आता ती बातमी आईजवळ, आणि काका झोपलेले. आई दोन मिनिटं नुसती उभी राहिली. मग तिनं आधी चहाचं आधण ठेवलं, बाबांना उठवलं, सातारची पहिली एसटी किती वाजता आहे ते विचारून घेतलं, आणि मग जाऊन दार वाजवलं. "गावाहून फोन होता, तुम्हाला लगेच बोलावलंय," एवढंच म्हणाली. काका समजले. तेव्हा ती पस्तिशीची होती, हे आता लक्षात येतं.

पण मला सांगायचंय ते वरच्या वहिनींबद्दल. ती पत्रिका त्यांच्या लग्नाची. माहेर सांगलीचं, सासर आमच्या डोक्यावर दोन खोल्यांत. पंधरा-वीस दिवसांनी त्यांच्या आईचा ट्रंक कॉल यायचा. मी हाक मारायला जायची, आणि जिन्यावरून वहिनींच्या मागोमाग त्यांच्या सासूबाई, माई, उतरायच्या. वहिनी रिसीव्हर घ्यायच्या, माई शेजारी खुर्चीवर. "हो. बरी आहे. हो, सगळं छान. तुम्ही कशा आहात? हो. ठेवू?" एवढ्यात संपायचं. पैसे तीन मिनिटांचे, बोलणं एकाचंही नाही.

माई दुष्ट नव्हत्या बरं का. फोन म्हणजे रेडिओसारखी सगळ्यांनी बसून ऐकायची गोष्ट, अशीच त्यांची समजूत होती. पण त्या नव्या मुलीनं बोलावं कसं?

आईनं यावर एक उपाय काढला. पुढच्या वेळी माई टेकतात न टेकतात तोच ती म्हणाली, "माई, जरा आत येता का? लोणच्याला बुरशी धरतेय की काय, बघा बरं." माई लोणच्यातल्या दर्दी, लगेच उठल्या. पुढे दर फोनला काही ना काही निघायचंच. पापडाचं पीठ, बिरड्याचे वाल, न जमलेला पाक. बाबांना वाणसामान आठवायचं, आम्हा मुलांना अंगणात हाकललं जायचं आणि स्वयंपाकघरातल्या नळाला मोठी धार लागायची. एवढी सुगरण बाई, पण तिचं दर पंधरा दिवसांनी काहीतरी बिघडतं, हे माईंना कधी खटकलं नाही. का कोण जाणे, पण मला वाटतं, नंतर नंतर त्यांना कळलं असावं.

मग आमच्या फोनला एसटीडी आलं, पाठोपाठ बिलं आली आणि बाबांनी डायलला कुलूप लावलं. एकच्या भोकात चिमुकलं कुलूप अडकवलं की डायल फिरत नाही. आलेले फोन घ्यायचे, करायचे नाहीत. किल्ली बाबांच्या खिशात. असली कुलपं तेव्हा घरोघरी होती आणि किल्ली बहुतेक ठिकाणी घरातल्या पुरुषाकडे किंवा सासूकडे.

या कुलपाची एक मेख होती. डायल सोडल्यावर परत फिरताना लाइन जितक्या वेळा तुटते, तो आकडा. तिनाला तीनदा, शून्याला दहादा. मग तेच काम रिसीव्हर ठेवायच्या खटक्यावर टिचक्या मारूनही होतं. माझ्या भावानं हे शोधून काढलं होतं. आम्हाला वाटायचं, आईला याचा पत्ता नाही.

एका दुपारी वहिनी एकट्याच खाली आल्या. वडिलांना दवाखान्यात नेल्याचं पत्र आलं होतं. डोळे लाल, शब्द फुटेना. फोनला कुलूप, बाबा ऑफिसात. आईनं भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "कर रे ते तुझं टकटक." तो गारच पडला. सांगलीचा कोड शून्यापासून सुरू, म्हणजे पहिल्याच आकड्याला दहा टिचक्या. एक चुकली की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला लागला. आईनं आम्हा दोघांना दंडाला धरून ओट्यावर आणलं आणि दार लोटून घेतलं.

वहिनी बराच वेळ बोलत होत्या. काय, ते मला माहीत नाही.

बिल आलं तेव्हा बाबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, कुलूप असताना हा आकडा कसा? "मी केला होता फोन," आई म्हणाली. कसा, ते सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात कुलूप दिसलं नाही. बाबांनी स्वतः काढलं की आईनं काढायला लावलं, हा आमच्या घरात अजून वादाचा विषय आहे.

पुढे पिवळ्या पाट्यांची एसटीडी बूथ गल्लोगल्ली झाली. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून तिथे रांगा लागायच्या. वहिनी तिथे जायला लागल्या. काचेचं दार लावून घेता यायचं, समोरच्या मीटरवर मात्र डोळा ठेवावा लागायचा. १९९५ साली देशात मोबाइल आले. अकरा बिऱ्हाडांत एकेक करून फोन आले आणि आमच्याकडची हाक बंद झाली. आईला म्हणे चुकल्यासारखं व्हायचं, पण दुपारची झोप मिळायची, हेही ती सांगते. लँडलाइन आम्ही २०१४ मध्ये परत केला. ते क्रोशाचं झाकण आता मिक्सरवर आहे.

वहिनी कोथरूडला असतात. लेक कॅनडात, रोज व्हिडिओवर बोलणं होतं. दिवाळीत आईला भेटायला आल्या होत्या, तेवढ्यात लेकीचा फोन आला. त्या सोफ्यावरच बोलू लागल्या. आई आता ऐंशी पार केलेली, गुडघ्यांनी बेजार. तरी खुर्चीचा हात धरून उठली आणि आत निघाली. मी म्हटलं, "अगं आई, बस ना, कुठे चाललीस?"

"बोलू दे तिला," म्हणाली, आणि आत जाऊन तिनं नळ सोडला.